आधी वही, मग शाल

आमच्या इंदुरात सत्कार फार होतात. कुणी निवृत्त झालं, कुणी नर्मदा परिक्रमा करून आलं, कुणाच्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली, की रविवारी सकाळी एखाद्या सभागृहात शाल, श्रीफळ आणि नंतर पोहे-जिलेबी. पोह्यांबद्दल माझी तक्रार नाही. मध्यंतरी अशाच एका कार्यक्रमानंतर कुणीतरी सूचना मांडली, की पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशी जाऊन मोटारसायकलच्या शर्यतीत उतरलेल्या आपल्या लोकांचाही सत्कार व्हावा, जमलं तर एखाद्या चौकाला नाव द्यावं. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "नावं सांगा ना." सभागृह गप्प.

त्या गप्प बसलेल्यांत मीही होतो. माझ्या गप्प बसण्यात थोडी लाजही होती. आमच्या काकांकडे महूच्या लष्करी लिलावातली जुनी बीएसए मोटारसायकल होती आणि कपाटात एक फोटो होता. सिमेंटची रुंद धावपट्टी, मागे ताडाची झाडं, नंबर रंगवलेल्या आठ-दहा मोटारसायकली, डोक्यावर वाडग्यासारखी शिरस्त्राणं घातलेली पोरं. कोपऱ्यातल्या एकावर बोट ठेवून काका म्हणायचे, "हा बाहेर जाऊन आला." बाहेर म्हणजे सिलोन, मलाया की विलायत, हे मी कधी विचारलं नाही. त्या वयात गाडी कुठली हे विचारायचं सुचतं, माणूस कुठला हे नाही. काका गेले. फोटोच्या पाठीमागे शाईनं एकच शब्द आहे, "शोलावरम". नाव नाही, सालही नाही.

शोलावरम ही मद्रासजवळची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा. पुढे कित्येक वर्षं या देशातल्या शर्यतवीरांची पंढरी म्हणजे ती धावपट्टी. देशभरातून पोरं आपापली गाडी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून तिथं पोचत. त्यातला एखादा "बाहेर" जाई आणि परत येऊन पुन्हा आपल्या दुकानात, बँकेत, वर्कशॉपमध्ये कामाला लागे.

आता असं म्हणायची पद्धत आहे, की आपण फक्त जिंकणाऱ्यांना लक्षात ठेवतो, हरणाऱ्यांना विसरतो. मला हे पटत नाही. इंदूरच त्याला साक्ष आहे. इंदुरात राहिलेल्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला आणि १५८ धावांनी हरला. नायडूंनी पहिल्या डावात ४० केल्या. हे आकडे सांगायला मला कुठलंही पुस्तक उघडावं लागलं नाही. १९३६च्या मँचेस्टर कसोटीत आमच्या मुश्ताक अलींनी ११२ केल्या, ते परदेशातलं भारतीय फलंदाजाचं पहिलं कसोटी शतक. तो सामना अनिर्णित राहिला, मालिका आपण हरलो. तरी आज देशातली टी-ट्वेंटी स्पर्धा त्यांच्या नावानं खेळली जाते. म्हणजे हरल्यामुळे माणूस विसरला जातो, असं काही नाही.

फरक आहे तो स्कोअरबुकाचा. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेल्याचंही नाव वहीत चढतं. कुणी झेल घेतला, तेही चढतं. सामना संपला की कागद उरतो, आणि कागदावरून तीस वर्षांनी एखादा रिकामटेकडा माणूस, माझ्यासारखा, सगळा डाव पुन्हा उभा करू शकतो. मोटारसायकलवाल्यांचं आपल्याकडे असं स्कोअरबुकच नाही. तिसऱ्या फेरीत साखळी तुटून जो बाजूला झाला, तो कायमचाच बाजूला झाला. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडे कृतज्ञतेची टंचाई नाही, शालींची तर नाहीच. टंचाई आहे ती नोंदीची. आणि नोंद नसताना केलेला सत्कार जो ओरडून आपलं नाव सांगू शकतो त्याचाच होतो.

आयरिश समुद्रातलं आइल ऑफ मॅन हे बेट बघा. लोकवस्ती लाखाच्या आत. १९०७पासून तिथं टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) नावाची मोटारसायकल शर्यत होते, एरवी भाजीच्या गाड्या आणि शाळेच्या बस जिथून जातात त्याच रस्त्यांवर. डोंगराला वळसा घालणारी एक फेरी जवळजवळ ६१ किलोमीटरची. तिथं शतकभराचे निकाल लावून ठेवलेत, त्यात अर्ध्यावर थांबलेल्यांचीही नावं. (१९११च्या सीनिअर टीटीत, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या शर्यतीत, पहिल्या तिन्ही गाड्या 'इंडियन' होत्या. हे वाचून कुणी ऊर भरून घेऊ नये, ती अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची कंपनी.)

किंवा स्कॉटलंडमधलं हॉइक घ्या. लोकरीच्या गिरण्यांचं गाव, आपल्या देवासच्या पासंगालाही न पुरणारं. तिथला जिमी गथ्री सहा टीटी जिंकला आणि १९३७ साली जर्मन ग्रां प्रीमध्ये झाक्सनरिंगवर मेला. गावानं बागेत त्याचा पुतळा उभारला. आइल ऑफ मॅनवर, जिथं त्याची शेवटची टीटी अर्ध्यावर थांबली, तिथं दगडी स्मारक झालं. जर्मनीत तो पडला त्या जागीही शिळा आहे. म्हणजे बेटावरचं स्मारक जिंकलेल्या जागेचं नाहीच, गाडी बंद पडली त्या जागेचं आहे. मला ते तिन्हींत सगळ्यांत आवडतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षं म्हणजे या "बाहेर" जाणाऱ्यांचा खरा काळ. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया (आजचं झिंबाब्वे) इथली पोरं बोटीनं युरोपात यायची, एक जुनी व्हॅन घ्यायची, मागे मँक्स नॉर्टन किंवा एजेएस सेव्हन-आर ही शर्यतीची गाडी बांधायची आणि एप्रिल ते सप्टेंबर या गावाहून त्या गावाला फिरायची. झोपायचं व्हॅनमध्ये, इंजिन उघडायचं रस्त्याकडेला, स्वयंपाक स्टोव्हवर. आयोजक शर्यतीत उतरण्याचे थोडे पैसे देत, त्यावर पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल. लोक त्यांना सर्कस म्हणत, आणि तमाशाच्या फडाची आठवण झाल्याशिवाय मराठी माणसाला हे वाचता येणार नाही. ऑस्ट्रेलियाचा जॅक फिंडली १९५८पासून वीस वर्षं असा फिरला. १९६८ साली ५०० सीसीत जगात दुसरा आला, तोही कारखान्याच्या पाठबळाशिवाय. पहिल्या आलेल्या इटलीच्या आगोस्तिनीमागे एमव्ही आगुस्ता ही कंपनी उभी होती.

या मंडळींतली दोन नावं मात्र माझ्या मनातून जात नाहीत. टॉम फिलिस सिडनीचा. असाच फिरत फिरत होंडाच्या संघात पोचला. १९६१च्या एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या मोंजुईक टेकडीवर १२५ सीसीची शर्यत त्यानं जिंकली, ती होंडानं जिंकलेली पहिली ग्रां प्री. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला, होंडाला जगज्जेतेपद मिळालेलं ते पहिलंच वर्ष. पुढच्या जूनमध्ये टीटीत लॉरेल बँकच्या वळणावर तो गेला, वय २८. त्याचा जिवलग मित्र ऱ्होडेशियाचा गॅरी हॉकिंग, १९६१चा ३५० आणि ५०० सीसीचा जगज्जेता. हॉकिंगनं त्याच आठवड्यात सीनिअर टीटी जिंकली आणि मोटारसायकल सोडून दिली. आता चार चाकं, म्हणजे जरा बरं, असं काहीसं त्यानं ठरवलं असावं. त्याच डिसेंबरमध्ये डर्बनजवळ मोटारशर्यतीच्या सरावात तोही गेला. वय २५. ऱ्होडेशियाचं नाव आलंच आहे तर हेही लिहायला हवं, की तिथून युरोपात जाऊ शकणारी पोरं गोऱ्यांचीच होती. त्याच गावातल्या काळ्या पोराच्या हातात शर्यतीची मोटारसायकल येण्याची सोयच त्या राज्यात नव्हती. खरी वही असेल तर तिच्या समासात हे लिहिलेलं असेल. पुतळ्याला समास नसतो.

"पण हे सगळे परके. इंदूरला त्यांचं काय?" हा प्रश्न मला विचारला गेला आहे, म्हणून थोडं शेजारच्या पिथमपूर या कारखान्यांच्या गावाचं सांगतो. सुरुवात जपानपासून.

सोइचिरो होंडा यांनी १९५४ साली जाहीर केलं, की आपण आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरणार. कंपनी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. त्याच वर्षी ते स्वतः बेटावर गेले, जर्मन एनएसयू कंपनीच्या गाड्यांची ताकद बघून हबकले आणि युरोपातून साखळ्या, रिम, कार्बोरेटर असलं सामान बॅगेत कोंबून परत आले. प्रत्यक्ष उतरायला १९५९ उजाडलं. तानिगुची, गिइची सुझुकी, तानाका, जुंझो सुझुकी, चार जपानी पोरं, १२५ सीसीच्या गाड्या. तानिगुची सहावा आला, बाकीचे सातवा, आठवा आणि अकरावा. सहाव्या क्रमांकाचा एक गुण मिळाला आणि संघाचं पारितोषिक. जिंकलं कुणीच नाही. पण होंडानं त्या चौघांची नावं टाकून दिली नाहीत. जपानमध्ये मोतेगीला १९९८ साली त्यांनी संग्रहालय उघडलं, तिथं त्या काळच्या गाड्या नुसत्या पुसून ठेवत नाहीत, चालू स्थितीत ठेवतात. त्यांच्या सुझुका ट्रॅकवरच्या एका वळणाचं नाव आहे डेग्नर. एर्न्स्ट डेग्नर हा होंडाचा माणूस नव्हे, प्रतिस्पर्धी सुझुकीचा. ते वळण त्यानं जिंकलं नाही, तिथं तो पडला. आपल्या अंगणात शत्रुपक्षाचा माणूस पडला आणि यजमानांनी त्या जागेला त्याचं नाव राहू दिलं. चौकांना नावं देणाऱ्या आमच्या मंडळींनी हे एकदा शांतपणे वाचावं.

हा डेग्नर मूळचा पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचा. बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर महिना-सव्वा महिन्यात, १९६१च्या सप्टेंबरात, स्वीडनच्या शर्यतीहून तो घरी परतलाच नाही, सुझुकीकडे गेला. बरोबर गेली ती एमझेडच्या वाल्टर काडेन यांची टू-स्ट्रोक विद्या. सायलेन्सरचं पोट नेमकं किती फुगवायचं आणि पुढे किती निमुळतं करायचं, की बाहेर पडणारा धूर आपला दाब मागे परतवून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलेल, ही ती विद्या. ज्यांनी यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स-१०० चालवली आहे त्यांना गाडी एका विशिष्ट वेगाला अचानक मागून ढकलल्यासारखी सुटते तो क्षण माहीत आहे. त्या ढकलण्यात स्वीडनहून न परतलेल्या एका माणसाचा वाटा आहे. १९८४ ते ८६ या दोन-तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी चौघीही आपल्याकडे आल्या. किनेटिक होंडा तर इथंच, पिथमपूरला बनायची, पुण्याच्या फिरोदियांच्या कारखान्यात. बटण दाबलं की सुरू, गिअर नाहीत. आमच्या मावशीसारख्या कितीतरी मराठी शिक्षिका त्या स्कूटरमुळे पहिल्यांदा स्वतःच्या भरवशावर शाळेत गेल्या. तानिगुचीचा तो एक गुण आमच्या रामबागेपर्यंत असा पोचलेला आहे.

आणि आता त्याच पिथमपूरजवळ नॅट्रॅक्स या वाहनं तपासणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली खुला झालेला, आशियातला सर्वांत लांब. ताशी अडीचशेच्या वर गाड्या तपासतात तिथं. एवढी मोठी धावपट्टी दाराशी असलेल्या शहराला आपल्या एकाही जुन्या धावणाऱ्याचं नाव सांगता येऊ नये, याची मला त्या सभागृहात लाज वाटली.

आपल्या लोकांना बाहेर जाणं युरोपच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या पोरांपेक्षा कितीतरी अवघड होतं, हे नव्या पिढीला सांगूनही खरं वाटत नाही. परदेशप्रवासाला पी-फॉर्म, म्हणजे रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. परकीय चलनाची इतकी चणचण होती, की एका काळात माणूस खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसे. गाडी तात्पुरती बाहेर न्यायची तर तिचे वेगळे कागद, नाहीतर परत आणताना स्वतःच्याच गाडीवर आयातशुल्क. नवी शर्यतीची गाडी मागवणं जवळपास अशक्य, म्हणून युद्धापासूनच्या इंग्रजी सिंगल-सिलिंडर गाड्यांवरच सगळी कारागिरी. पिस्टन इथं ओतायचा, रिंग इथं घासायची, व्हॉल्व्ह भलत्याच गाडीचा कापून बसवायचा. अशा गाडीवर परदेशात जाऊन शेवटून तिसरा येणं ही काय चीज आहे, ते पदकांच्या यादीवरून कधीच कळणार नाही.

खाशाबा जाधवांचं आठवा. १९५२चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, हे आपण आजही सांगतो. अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांना जिवंतपणी मिळाला नाही. सरकार विसरलं तरी कराड-कोल्हापूरची माणसं विसरली नाहीत, कारण कुणी काय गहाण ठेवलं हे तिथं कुणीतरी सांगत राहिलं. मोटारसायकलवाल्यांच्या मागेही अशी गहाणखतं असणारच. कुणाच्या आईच्या पाटल्या असतील, कुणाच्या भावाचा प्रॉव्हिडंट फंड. ती नावंही वहीत हवीत. आणि मेकॅनिकचं तर आधी.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. आमचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, "वेगाचा गौरव कशाला करता? रात्री सुपर कॉरिडॉरवर पोरं काय करतात ते आमच्या कॅज्युअल्टीत येऊन बघा." खरं आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. आइल ऑफ मॅनच्या त्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त स्पर्धक मेलेत. १९७२ साली मित्र पार्लोत्ती तिथं मेला तेव्हा आगोस्तिनीसारख्या सम्राटानं सांगितलं, मी पुन्हा इथं उतरणार नाही. १९७६नंतर टीटीचा जागतिक दर्जा गेला. हे सगळं झाकून वीरगाथा लिहायची असेल तर डॉक्टरांचं बरोबर आहे, लिहूच नये.

पण नीट लिहिली तर ही कथा डॉक्टरांच्याच बाजूची आहे. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या ट्रॅकचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर वारंवार फुटलेली डोकी बघून कंटाळले आणि त्यांनी कॅनव्हास-लाखेचं शिरस्त्राण करून घेतलं. १९१४च्या टीटीत ते सक्तीचं झालं. पोरांनी तेव्हाही कुरकुर केलीच. पुढे दुसऱ्या महायुद्धात मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी लष्करी निरोप्यांच्या मृत्यूंचे आकडे मांडून हेल्मेटचं महत्त्व सिद्ध केलं. आकडे मांडता आले, कारण मेलेल्यांची नोंद होती. इंदुरात १ ऑगस्ट २०२५पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा आदेश निघाला, तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट दोन मिनिटं उसनं घेणारे आमचे इंदुरी 'भिया', म्हणजे भाऊ लोक, मी डोळ्यांनी पाहिले. ज्यांनी रोज मरणाशी हिशेब केला त्या माणसांनी हेल्मेट का घातलं, हे या भियांना दंडाच्या पावतीपेक्षा काकांच्या त्या फोटोतून जास्त कळेल, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

करायचं काय? पुतळा, चौक, ग्रंथ, समिती, काही नको. समिती तर नकोच. सत्तरी-ऐंशीतली जी माणसं अजून बोलती आहेत, त्यांच्यासमोर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून बसायचं. घरोघरच्या ट्रंकांत जुने पासपोर्ट, प्रवेशअर्ज, नंबरांच्या पाट्या, आयोजकांची पत्रं असतील, त्यांचे फोटो काढायचे आणि मूळ कागद घरातच राहू द्यायचे. रद्दीवाल्याच्या आधी पोचायचं, एवढाच खटाटोप. कुठल्या शर्यतीत कोण उतरला, कुठल्या फेरीत थांबला, का थांबला, गाडी कुणी बांधली, पैसे कुणी दिले. नॅट्रॅक्सनं एखादी खोली दिली तर छान, नाही दिली तर आपल्या मराठी समाजाचं वाचनालय आहेच, तिथली दोन कपाटं तशीही रिकामी पडलीत. आज एखादा मुलगा कुठल्या परदेशी ट्रॅकवर उतरला की बातमीत "पहिला भारतीय" लागतं. कधी ते खरं असतं. पण तपासायचं कशावरून?

मी स्वतः सुरुवात केली, उशिरा का होईना. काकांचा तो फोटो घेऊन छावनीतल्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरतात, पण स्पार्क प्लग बघून इंजिनाची तब्येत अजून सांगतात. कोपऱ्यातल्या त्या माणसावर बोट ठेवून मी विचारलं, हे कोण? उस्तादांनी चष्मा काढला, भिंग घेतलं, आणि माणसाकडे न बघता गाडीकडेच बघत बसले. बराच वेळ.

"आदमी को नी जानता, भिया," ते म्हणाले. "पर ये कारबोरेटर देख. भोंगा देख इसका. एमल जीपी है. ये यहाँ मिलताई नी था."

ॲमल जीपी म्हणजे शर्यतीच्या गाड्यांचा विलायती कार्बोरेटर. म्हणजे काका खरं सांगत होते. घरी येऊन मी फोटोच्या पाठीमागे "शोलावरम"खाली पेन्सिलीनं "ॲमल जीपी, उस्तादांनी ओळखला" असं लिहिलं, आणि नावासाठी एक ओळ मोकळी सोडली.